चार अमिराती आणि एक अबला

आमच्या घराण्यात बायकांचा आवाज पिढ्यान् पिढ्या मोठा. आजीने कऱ्हाडच्या मंडईत भल्याभल्यांना काटा पुन्हा लावायला लावला. आईने एस.टी.च्या कंडक्टरकडून सुटे पैसे वसूल केल्याशिवाय कधी पायरी उतरली नाही. मी एम.ए., बी.एड. झाले. अशा घराण्यातल्या मला अल ऐनमधल्या पहिल्याच तासाला बावीस बायकांनी एका सुरात हाक मारली, "अबला!"

मी मागे वळून पाहिलं. मागे फळा होता.

नंतर कळलं, की तुर्की भाषेत 'अबला' म्हणजे थोरली बहीण. तिथून हा शब्द इजिप्तमार्गे आखातात आला आणि शाळेतल्या बाईंना चिकटला. म्हणजे आपली 'ताई'च. ही व्युत्पत्ती मी आईला फोनवर नीट समजावून सांगितली. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आई म्हणाली, "बी.एड.ला एवढे पैसे घातले, ते यासाठी?"

पंधरा वर्षांत मी या देशात चार ठिकाणी इंग्रजी शिकवलं. नवऱ्याची साइट बदलली की माझा वर्ग बदलायचा. कऱ्हाडच्या लोकांना हे सांगून पटत नाही. त्यांच्या दृष्टीने मी 'दुबईला' असते. अमिराती सात आहेत आणि दुबई त्यातली एक, असं सांगितलं तर ते समजूतदारपणे मान हलवतात आणि विचारतात, "बरं, मग दुबईत सध्या ऊन किती?" महाराष्ट्र म्हणजे पुणं असं फक्त पुण्यात मानतात, अमिराती म्हणजे दुबई असं दुबई सोडून सगळीकडे.

पहिलं गाव शारजा, साल 2010. आपल्याकडे शारजा म्हटलं की 1986 मधला जावेद मियांदादचा शेवटच्या चेंडूवरचा षटकार आठवतो आणि पुरुषमंडळींचा चेहरा अजूनही उतरतो. माझा चेहरा मात्र प्रमाणपत्रांनी उतरला होता. शिवाजी विद्यापीठाची माझी पदवी खरी आहे, हे आधी मुंबईने मान्य केलं, मग दिल्लीने, मग वकिलातीने. कागदाच्या पुढच्या बाजूला माझं नाव एकदाच होतं; मागच्या बाजूला शिक्के इतके, की कुलगुरूंनी पाहिला असता तर त्यांनाच शंका आली असती.

शाळा भारतीय अभ्यासक्रमाची होती. वर्गात केरळ, तमिळनाडू, हैदराबाद, लखनौ आणि मागच्या बाकावर डोंबिवली. इथे मी 'मिस' होते. आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार, रविवारी सकाळी शाळा. आईला हे अखेरपर्यंत पटलं नाही. "रविवारी कसली गं शाळा? तुला कोणीतरी फसवतंय."

शारजात माझ्या इंग्रजीला कोणी हरकत घेतली नाही, कारण तिथे सगळ्यांचं इंग्रजी माझंच होतं. आमच्यात 'कझिन ब्रदर' असायचा, गावाला गेलेला माणूस 'आउट ऑफ स्टेशन' असायचा आणि परीक्षा 'प्रीपोन' व्हायची. माझं स्वतःचं पालुपद एकच: "डू वन थिंग." वही विसरलास? डू वन थिंग, कागदावर लिही. कागदही नाही? डू वन थिंग, बाहेर उभा राहा. हे इंग्रजी नसून 'एक काम कर' हे मराठी आहे, असा संशयही मला कधी आला नव्हता.

एकदा बालवर्गाच्या बाई आल्या नाहीत म्हणून मला तिथे पाठवलं. पावसाला 'आज जा, मग कधीतरी ये' असं सांगणारं ते इंग्रजी बालगीत मी हातवारे करून शिकवलं. एक चिमुरडी रडायलाच लागली. तिच्या पाच वर्षांच्या आयुष्यात पाऊस मोजून चारदा आला होता आणि मिस त्याला हाकलत होती! मग मी पावसाला पैसे देऊन बोलावणाऱ्या आपल्या गाण्याची गोष्ट सांगितली. ती मुलांना एकदम पटली. अमिरातीत खरोखरच पैसे मोजून पाऊस बोलावतात. विमानं पाठवून ढगांत क्षार पेरतात. आपला पैसा खोटा होतो, यांचा खरा असतो, एवढाच फरक.

2013 मध्ये साइट अल ऐनला गेली. हे अबुधाबी अमिरातीतलं, ओमानच्या सीमेला टेकलेलं खजुराच्या बागांचं गाव. गोल चौक इतके, की सरळ रस्ता लागला तर आपण चुकलो की काय असं वाटावं. या गावाने माझा पहिल्याच अक्षराला पराभव केला. 'ऐन' हे गावाचं नावही आहे आणि एका अरबी अक्षराचंही. ते अक्षर घशाच्या अशा कोपऱ्यातून येतं, जिथे मराठी माणूस फक्त मासा खाताना काटा अडकला तरच पोहोचतो. मी राहत असलेल्या गावाचं नाव मला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही.

इथे मी बायकांच्या वर्गाला शिकवत होते. कोणाला विद्यापीठात प्रवेश हवा होता, कोणाला नोकरी, कोणाला घरातून दोन तास सुटका. तिसरी गरज मला सगळ्यात चटकन समजली.

माझं नाव प्राजक्ता. अरबीत 'प' नाही, त्यामुळे 'ब्राजक्ता' होणार हे मी धरूनच चालले होते. पण इथल्या बोलीत 'ज'चा पुष्कळदा 'य' होतो. मशिदीला 'मस्यिद' म्हणतात. मी झाले 'ब्रायक्ता'. नवरा प्रदीप, तो दोन्ही टोकांनी बुडून 'ब्रदीब' झाला. तेव्हा 'अबला'च बरं, असं मीच ठरवलं.

पंख्याचं चित्र दाखवून मी विचारलं, "हे काय?" वर्ग म्हणाला, "बंका." बुटाचं दाखवलं. "जूती." टॅक्सीवाल्याला सरळ जा सांगायचं तर "सीदा". चहा तर 'करक', म्हणजे आपला कडक. पंखा, जुती, सीधा, कडक! समुद्र ओलांडून मी इंग्रजी शिकवायला आले होते आणि या बायका मला माझेच शब्द अरबी पदर घेऊन परत देत होत्या. नातीला सोडायला येणाऱ्या एका आजीने तर मला थेट हिंदीत विचारलं, "बंबई से?" ती दिरहमला अजून 'रुपया' म्हणायची. त्यात नवल नव्हतं. मोत्यांचा व्यापार मुंबईशी होता आणि या किनाऱ्यावर नाणंही आपलंच चालायचं. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला. 1966 च्या जूनमध्ये आपण रुपयाचं अवमूल्यन केलं आणि यांनी त्याला रामराम ठोकला. दिरहम आला 1973 मध्ये. आजीच्या तोंडात मात्र अजून अवमूल्यन झालेलं नव्हतं.

त्याच आजीने मला घरी कॉफीला बोलावलं. गहवा म्हणजे वेलचीची बिनसाखरेची कॉफी, आपल्या तीर्थाच्या वाटीएवढ्या कपात. मी कप संपवला, तिने भरला. पुन्हा संपवला, पुन्हा भरला. पानात टाकायचं नाही, हे माझ्यावरचे संस्कार; पाहुण्याचा कप रिकामा ठेवायचा नाही, हे तिच्यावरचे. संस्कृतींचा हा सामना अकरा कपांपर्यंत चालला. "पुरे" म्हणून मी कपावर हात आडवा धरला, तर तिने प्रेमाने तो बाजूला केला. शेवटी नातीला दया आली. "अबला, डू वन थिंग. कप हलवा." पुरे झालं म्हणायचं असेल तर कप हलकेच हलवून परत द्यायचा असतो. मी हलवला, पण तोपर्यंत कप धरणारा हात आपोआपच हलत होता. त्या रात्री मी बावीस वह्या तपासल्या आणि तरी झोप आली नाही. नातीने माझं पालुपद उचललंय, हे कॉफीच्या तारेत माझ्या लक्षातही आलं नाही.

2016 मध्ये रास अल खैमा. मागे हजर पर्वत, त्यात जबल जैस, उंची 1934 मीटर. आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ तीनशे मीटर जास्त, पण झाड औषधालाही नाही आणि देवीही नाही. नवस बोलायचा तर कोणाला? ही अमिरात देशात सामील झाली तीच उशिरा. बाकीच्या सहा 2 डिसेंबर 1971 ला एकत्र आल्या, ही 10 फेब्रुवारी 1972 ला आली. माझ्या वर्गातली मुलं ही परंपरा रोज सकाळी निष्ठेने पाळत.

शाळा अरबी होती आणि स्टाफरूममध्ये अख्खं अरब जग. तिथे मला शोध लागला, की अरबी ही एक भाषा नसून एक मोठं एकत्र कुटुंब आहे. आडनाव एक, चुली वेगळ्या. इजिप्तच्या बाई 'ज'चा 'ग' करत, मी 'ब्रागक्ता'. लेबननच्या बाईंचा 'ज' फ्रेंच वळणाचा, मी 'ब्राझक्ता'. इमाराती मुलांची मी 'ब्रायक्ता' होतेच. एकाच मधल्या सुट्टीत मला तीन नावांनी हाक यायची आणि मी तिन्ही वेळा ओ द्यायचे. बारशाला नाव एकच ठेवलं होतं, हे कोणाला सांगू?

मुलं पेपरला 'बेबर' म्हणत आणि शाळेच्या दारात मोटारींचं 'बार्किंग' चाले. मी 'प' शिकवायची मोहीम उघडली. त्याची जुनी युक्ती आहे: ओठांसमोर कागदाचा चिटोरा धरायचा. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीच्या 'प'ला फुंकर सुटते, कागद हलतो. 'ब'ला हलत नाही. पस्तीस मुलांनी पस्तीस चिटोरे धरले. सगळे जोरात म्हणाले, "बेन!" आणि सगळे कागद फडफडले. मुलांनी जल्लोष केला. मी वर पाहिलं. एसी सोळावर होता. डू वन थिंग, म्हटलं, एसी बंद करा. मे महिना होता. दहा मिनिटांत मुलं घामाने निथळली, पण शिकली. शेवटी प्रत्येकाने माझं नाव घेऊन दाखवायचं, अशी परीक्षा ठेवली. नाव घेताना लाजायचं असतं, हे आपल्याकडे. इथे कागद हलवायचा होता.

2021 मध्ये आम्ही पुन्हा शारजात राहायला आलो आणि मला नोकरी लागली दुबईला, मोठ्या माणसांच्या वर्गात. भाडं शारजात परवडतं आणि पगार दुबईत मिळतो, म्हणून अर्धी दुनिया सकाळी त्या एकाच रस्त्यावर असते. त्यात 2022 च्या जानेवारीत सुट्ट्या बदलल्या. देशात शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस. शारजात मात्र शाळांना अख्खा शुक्रवारही सुट्टी. त्यामुळे शुक्रवारी सकाळी लेक पांघरुणातून हात हलवून मला निरोप देते. रविवारची सुट्टी मिळाल्याचं मी आईला कळवलं. ती म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

दुबईत मला ना मिस म्हणतात, ना अबला. नुसतं नाव. आणि इथे पहिल्यांदा कळलं, की इंग्रजी ही भाषा तोंडात नसते, पासपोर्टात असते. जाहिरातीत लिहिलेलंच असतं: 'नेटिव्ह स्पीकर' हवा. मुलाखतीत मी 2004 साली शिवाजी विद्यापीठातून 'पास आउट' झाले असं सांगितलं, तेव्हा समोरच्या गोऱ्या बाईंनी काळजीने पाण्याचा ग्लास पुढे केला. नोकरी मिळाली, सोबत माझ्या चुकांची यादीही. तिच्यात पहिल्या क्रमांकावर, लाल शाईत: 'डू वन थिंग'. "म्हणजे नक्की कोणती थिंग?" असं त्या बाईंनी विचारलं. अकरा वर्षांत हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता.

माझा एक सहकारी आयर्लंडचा, म्हणजे सोवळ्यातला. हा मेक्सिको, अर्जेंटिना आणि स्पेनमध्ये इंग्रजी शिकवून आलेला. करक पिता पिता सांगायचा: स्पॅनिश एक, देश वीस. बसला मेक्सिकोत कामियोन म्हणतात, अर्जेंटिनात कोलेक्तिवो, क्युबात ग्वाग्वा. बस 'पकडणे' यासाठी स्पेनमध्ये जे साधं क्रियापद आहे, ते अर्जेंटिनात उच्चारलं आणि वर्ग हसून लोळला. त्या शब्दाचा तिथला अर्थ चारचौघांत सांगण्यासारखा नाही. मी म्हटलं, तुला समुद्र ओलांडावे लागले, माझं काम दीड तासाच्या गाडीत झालं. तो म्हणाला, "व्हॉट?" माझं इंग्रजी त्याला कळलं नव्हतं. पण त्याचा तास संपला की त्याचे विद्यार्थी, सीरियाचे, सुदानचे, फिलिपिन्सचे, माझ्या दाराशी यायचे. "मॅडम, सर काय म्हणाले?" मी त्यांना इंग्रजीचं इंग्रजीत भाषांतर करून द्यायची. त्याचे पैसे वेगळे मिळत नाहीत.

16 एप्रिल 2024 ला पैसे घेतलेला पाऊस आला. अल ऐन भागातल्या खत्म अल शकला इथे एका दिवसात 254.8 मिलिमीटर. हवामान खात्याने ढगात काही पेरल्याचं साफ नाकारलं. शारजात आमच्या इमारतीखाली लोक होडीतून फिरत होते. कृष्णा-कोयनेच्या संगमावर वाढलेल्या मला पुराचं कौतुक नव्हतं, पण गॅलरीत उभी राहून मी ते 'आज जा'वालं इंग्रजी गाणं पहिल्यांदा मनापासून म्हटलं.

परवा वाहन परवान्याचं नूतनीकरण करायला गेले. खिडकीत पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्यातला चोवीस-पंचवीसचा इमाराती मुलगा. माझ्यापुढे एक इंग्रज गृहस्थ, चेहऱ्यावरून खास नेटिव्ह. त्यांचा एक कागद कमी होता. मुलगा अदबीने म्हणाला, "नो प्रॉब्लेम, सर. डू वन थिंग."

गृहस्थ वाट पाहत उभे राहिले. "व्हिच थिंग?"

मुलाने मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं, जणू म्हणत होता, आता यांना कसं समजवावं!

माझा नंबर आला. मी टोकनचा चिटोरा खिडकीवर ठेवला. त्याने पडद्यावरचं नाव वाचलं, एक क्षण थांबला, ओठ घट्ट मिटले आणि सावकाश म्हणाला, "प्राजक्ता."

चिटोरा हलला.

मी सवयीने वर पाहिलं. एसीचं तोंड दुसऱ्या भिंतीकडे होतं.