टॅगकरी

ऑडिओ सीडीवर गाणी असतात, गाण्यांची नावे नसतात. सोनी आणि फिलिप्स यांनी १९८० मध्ये सीडीचे मानक ठरवले. कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो याची नोंद तबकडीवर ठेवली, की नावे छापायला वेष्टन आहेच, असा त्यांचा हिशेब होता. पुढे १९९६ मध्ये सीडी-टेक्स्ट नावाची सोय आली, पण बहुतेक सीड्यांवर ती नसतेच. ही रिकामी जागा भरण्यात जो गृहस्थ निवृत्तीनंतरचे आयुष्य खर्ची घालतो, तो टॅगकरी.

टॅगकरी बहुधा बँकेतून किंवा लेखापरीक्षणाच्या खात्यातून निवृत्त झालेला असतो. कपाटात तीनचारशे सीड्या असतात आणि त्या सगळ्या एकदाच्या संगणकावर ‘चढवून’ टाकायच्या, असे त्याने मुलाला सांगितलेले असते. मुलाला वाटते, पंधरा दिवसांचे काम. ते तसे असतेही. पण ते गाण्यांचे, नावांचे नव्हे.

सीडी ड्राइव्हमध्ये गेली की सॉफ्टवेअर ट्रॅकांची संख्या, त्यांच्या सुरुवातीच्या वेळा आणि एकूण लांबी यांवरून एक आकडा काढते व तो इंटरनेटवरच्या सूचीत शोधते. ही युक्ती १९९३ च्या सीडीडीबीपासूनची. सूचीत नावे भरली ती जगभरच्या हौशी मंडळींनी, म्हणजे टॅगकऱ्यांनीच. प्रत्येकाने आपापल्या स्पेलिंगने. बारा गाण्यांची सीडी अशी बरी ओळखू येते. पण विलंबित आणि द्रुत असे दोनच ट्रॅक असलेल्या यमनचा जुन्या पद्धतीचा आकडा भलत्याच दोन ट्रॅकांच्या सीडीशी जुळू शकतो, आणि पडद्यावर कुठल्याशा युरोपीय बँडचे नाव झळकते. सामान्य माणूस इथे वैतागतो. टॅगकरी चहा मागवतो.

खरी कसोटी गायकाच्या नावाची. एका सीडीवर ‘भीमसेन जोशी’, दुसरीवर ‘पं. भीमसेन जोशी’, तिसरीवर ‘पंडित भीमसेन जोशी’ आणि २००८ नंतरच्या एखादीवर ‘भारतरत्न पंडित भीमसेन जोशी’. संगणकाच्या लेखी हे चार गायक. त्यांचे एकत्रीकरण करायचे तर तीन नावे खोडावी लागतात, आणि नुसते ‘भीमसेन जोशी’ लिहायला टॅगकऱ्याचा हात धजावत नाही. महिनाभराच्या विचारानंतर तो ग्रंथालयाची पद्धत स्वीकारतो: ‘जोशी, भीमसेन (पं.)’. मोबाइलच्या पडद्यावर त्यातले ‘जोशी, भी’ एवढेच दिसते. शिवाय एकदा नियम केला की अपवाद नाही. त्यामुळे बालगंधर्व ‘राजहंस, नारायण’ या नावाखाली जातात आणि कुमार गंधर्व ‘कोमकली, शिवपुत्र’ या नावाखाली. सून ‘कुमार’ टाइप करून पाहते, काही सापडत नाही, आणि ती फोनवर यूट्यूब लावते.

फाइलला चिकटवायच्या माहितीचा जुना साचा १९९६ चा. गाण्याच्या नावाला त्यात तीस अक्षरे. रोमन लिपीत ‘राग मियाँ मल्हार - विलंबित’ इतके लिहीपर्यंत जागा संपत येते आणि एकतालाचा फक्त ‘ई’ उरतो. (ही मर्यादा १९९८ च्या सुधारणेत गेली, पण टॅगकऱ्याचा जुना प्लेअर सुधारलेला नाही.) कलाकारासाठी रकाना एकच. भावगीताला गायक, कवी आणि संगीतकार असे तीन धनी असतात. कवीला ‘शेरा’ या रकान्यात टाकणे टॅगकऱ्याच्या जिवावर येते. संगीताच्या प्रकारांची ऐंशी नावांची यादी तयार मिळते, तीत ‘पोल्का’ आहे, ख्याल नाही. शून्य क्रमांकावर ‘ब्लूज’ असल्याने सॉफ्टवेअरने रकान्यात शून्य सोडले की मारवाही ब्लूज ठरतो. (मारव्याची कातरवेळ आठवली तर हे वर्गीकरण अगदीच टाकाऊ नाही.) वर्षाचा घोळ निराळाच. ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले १९६७ मध्ये, ध्वनिमुद्रण त्यानंतरचे, सीडी आणखी उशिराची, आणि २०१५ चा चित्रपट वेगळाच. रकान्यात मावतात चार अंक.

‘गीत रामायणा’ने मात्र भल्याभल्या टॅगकऱ्यांना घाम फोडला आहे. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आलेली ही ५६ गीते अनेक सीड्यांच्या संचात येतात, आणि प्रत्येक सीडीवर ट्रॅक पुन्हा एकपासून सुरू होतात. सीडीचा क्रमांक भरायचा राहिला की संगणक आधी सगळे पहिले ट्रॅक वाजवतो, मग सगळे दुसरे. श्रीराम सकाळभर अयोध्येतून वनात, वनातून लंकेत आणि लंकेतून परत अयोध्येत हेलपाटे घालत राहतात.

शेवटी सगळे देवनागरीतच करायचे ठरते. जुनी यादी शिवाजी फाँटमध्ये टंकलेली असते. नव्या संगणकावर तो फाँट नसल्याने तिथे निव्वळ रोमन अक्षरांची खिचडी दिसते. ती पुन्हा टंकावी लागते. मग लक्षात येते की ‘वाऱ्यावर’ हा शब्द दोन प्रकारांनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण शोधताना एकाला दुसरा सापडत नाही. टॅगकरी सगळे ‘ऱ्य’ वेचून काढतो. त्याची गाडी ते वाचत नाही. तिच्या पडद्यावर ओळीने चौकोन उमटतात.

या सगळ्यात गाणे ऐकणे किती, हा प्रश्न घरचे विचारतात. प्रत्येक ट्रॅकची पहिली दहा सेकंदे तो निश्चित ऐकतो, नाव आणि राग जुळतो का ते पाहण्यासाठी. “अहो, लावलंय तर पुढे वाजू द्या की,” असे स्वयंपाकघरातून आले, तर “थांब जरा, अजून याचं नाव बरोबर नाही,” असे उत्तर जाते. वेष्टनावर भीमपलास आणि आत धानी निघाली, तर त्या दिवशी तो घरी पेढे आणायचाच बाकी राहतो.

सीड्या संपल्या म्हणून हा मनुष्य मोकळा होत नाही. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, तेव्हा तो बाहेरून जोडायचा घेतो आणि नातेवाइकांच्या सीड्या मागवतो. त्याही संपल्या की कॅसेटी. कॅसेटवर तर ट्रॅकांची नोंदही नसते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू म्हणजे पंचेचाळीस मिनिटांची सलग फाइल, आणि प्रत्येक गाणे कानाने हेरून हाताने कापायचे. शेजाऱ्यांनी दिलेल्या खोक्यातल्या पहिल्याच कॅसेटवर पेन्सिलीने ‘वसंतराव, बहुतेक’ असे लिहिलेले आहे. सध्या ‘बहुतेक’वर काम चालू आहे.