उसने सर

इंग्रजीचे निवृत्त शिक्षक, मुक्काम आमच्या खालचा मजला. सोसायटीत त्यांना सगळे 'उसने सर' म्हणतात. खरं आडनाव फक्त लाइट बिलावर उरलंय.

परवा आमच्या चिरंजीवांनी त्यांना विचारलं, "सर, कॅन यू बॉरो मी युवर पेन?"

सरांनी डोळे मिटले. कुणीतरी पायावर वरवंटा टाकावा तसा चेहरा. "बाळा, देतो तो लेंड करतो, घेतो तो बॉरो करतो. तुझी चूक नाही. मराठीत दोन्हीकडे उसनेच; फक्त पुढे देणं की घेणं, एवढाच फरक. म्हणून आपली पोरं इथं हमखास घसरतात."

पोराला फरक कळला. पेन मिळालं नाही. लेंड हे क्रियापद सर फक्त शिकवतात. वापरतात ते बॉरो.

दिवाळीत जाळी काढायला नेलेली आमची शिडी माघ सरला तरी खालीच. शेवटी विषय काढलाच.

"अहो, इंग्रजीनं आपला मुंगूस बॉरो केला, त्याचा माँगूस केला. केला परत? भाषेत घेतलेलं परत करायची पद्धतच नाही."

"पण सर, मुंगूस आपल्याकडंही राहिला. शिडी नाही राहिली."

"उत्तम मुद्दा," म्हणून सरांनी पाठ थोपटली. शिडी जागच्या जागी.

होळीच्या आदल्या दिवशी सर दारात. "वहिनी, पुरणयंत्र बॉरो करायचं होतं."

मी कोश चाळून तयारच होतो. "सर, बॉरोचं मूळ जुन्या इंग्रजीत सापडतं. अर्थ आहे तारण. म्हणजे काहीतरी ठेवून घ्यायचं. तुम्ही काय ठेवताय?"

सर क्षणभर गप्प. मग चेहरा असा खुलला, जणू तीस वर्षांनी वर्गात कुणीतरी गृहपाठ करून आलं. "वा! व्युत्पत्ती म्हणजे व्युत्पत्ती!" म्हणत तरातरा खाली गेले आणि धापा टाकत वर आले. खांद्यावर शिडी. तिच्या पायरीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं, माझ्याच अक्षरात, माझं आडनाव.

"हे घ्या तारण."

धुळवडीला सकाळी आठ वाजता पुरणयंत्र परत आलं. घासून, पुसून, जाळ्यांसकट. आमच्या इतिहासात पहिल्यांदाच.

"चला," सर म्हणाले, "तारण सोडवतो." आणि शिडी घेऊन गेले.