हत्ती, विमान आणि बाबागाडी

महाराष्ट्रात हत्तीची गणना गुराढोरांत होते. हे माझं मत नव्हे, मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ याचं आहे. (त्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. नाव बदललं, हत्तीचा हुद्दा तोच राहिला.) त्याच्या दुसऱ्या कलमात गुरांमध्ये कोण कोण मोडतं ते सांगितलंय: हत्ती, उंट, घोडे, गाढवं, खेचरं, मेंढ्या, शेळ्या आणि डुकरं. यादी दोन-तीनदा वाचली तरी तीत गाय सापडत नाही. म्हैसही नाही. जिच्या नावानं हा शब्द गावोगाव चालतो ती बाहेर, आणि उंट आत.

वकिलांना यात काहीच गमतीचं वाटत नाही. ते सांगतात, कायद्यात व्याख्या करायच्या दोन तऱ्हा. ‘अमुक म्हणजे तमुक’ असं लिहिलं की दार बंद, ओळीत आलं तेवढंच खरं. ‘अमुक यात तमुकही येतं’ असं लिहिलं की दार किलकिलं. नेहमीच्या अर्थानं जे येतं ते आहेच, शिवाय ही मंडळी वरकड. गाय हे गुरू नव्हे असं कुणी म्हणणार नाही, म्हणून तिचं नाव लिहायची गरज पडली नाही. हत्तीच्या बाबतीत मात्र नाक्यावर अडवल्यावर माहूत म्हणणारच, ‘‘साहेब, पाटी वाचली मी. गुरांना बंदी आहे. हा तर हत्ती!’’

कायद्यातली कुठलीही चमत्कारिक व्याख्या वाचली की मला तिच्यामागे असा एक माणूस उभा दिसतो. तो अजून पकडला गेलेला नाही, पण त्याचं उत्तर तयार आहे. मसुदा लिहिणाऱ्या सरकारी बाबूनं कचेरीत बसून ते उत्तर आधीच ऐकलेलं असतं, आणि त्याला गप्प करण्यासाठी एक खेचर वाढवलेलं असतं.

त्याच कलमात ‘वाहन’ आहे. गाडी, छकडा, व्हॅन, ट्रक, हातगाडी किंवा वाहून नेणारं कुठलंही साधन. आणि त्यात सायकल, तीनचाकी सायकल, रिक्षा, स्वयंचलित गाडी, जलयान आणि विमानही. १८९० आणि १९०२ चे घोडागाडीच्या जमान्यातले दोन कायदे मोडून हा नवा केला, तेव्हा आपलं काही मागे राहायला नको या हिशेबानं विमान आत घेतलं असावं. इथवर ठीक. पण पुढे नव्व्याण्णवावं कलम येतं. रस्त्यानं वाहन चालवणाऱ्यानं खरीच निकड किंवा पुरेसं कारण असल्याखेरीज डावी बाजू सोडू नये. आता ही दोन कलमं शेजारी ठेवून वाचा. उद्या लक्ष्मी रस्त्यावर विमान उतरलंच, तर ते वैमानिकानं डावीकडून न्यायचं आहे. लक्ष्मी रस्ता एकेरी असल्यामुळे उतरताना आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे हेही त्यानं बघून घेतलेलं बरं. चौकातला मामा विमानाला हात करतोय, वैमानिक काच खाली करून ‘‘साहेब, निकड होती’’ म्हणतोय आणि मामा ‘‘सगळे हेच सांगतात, बाजूला घ्या’’ म्हणतोय, हे दृश्य मला अजिबात अशक्य वाटत नाही.

माझं लाडकं कलम मात्र १०३. पदपथावर कुणीही कुठलंही जनावर किंवा वाहन चालवू नये, ढकलू नये, ओढत नेऊ नये, सोडून जाऊ नये. अपवाद एकच. बाबागाडी.

हे लिहिणाऱ्याच्या घरी त्या वर्षी पाळणा हलला असावा असा माझा तर्क आहे. एरवी इतक्या कडक ओळीत इतकी मऊ जागा सापडत नाही. आज आमच्या पदपथावर बुलेट असतात, भेळेची गाडी असते, विजेच्या पेट्या असतात, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे बांबू असतात. तिथे असण्याचा स्पष्ट कायदेशीर हक्क मिळालेली एकमेव चाकं मात्र दिसत नाहीत, कारण उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरून बाबागाडी चार पावलंही जात नाही. म्हणून बाळ कडेवर घेतात, बाबागाडीची घडी घालून मोटारीच्या डिकीत टाकतात, आणि ती मोटार पदपथावर लावतात.

खास गाड्यांसाठीचा कायदा म्हणजे मोटार वाहन अधिनियम, १९८८. १ जुलै १९८९ पासून तो लागू झाला. याच्याही व्याख्या दुसऱ्या कलमात, आणि त्यांतली ‘मोटारगाडी’ सगळ्यांत तत्त्वज्ञ. मोटारगाडी म्हणजे जे परिवहन वाहन नव्हे, बस नव्हे, रोडरोलर नव्हे, ट्रॅक्टर नव्हे, मोटारसायकल नव्हे, अपंगांसाठीची गाडीही नव्हे, असं मोटार वाहन. नेति नेति. याज्ञवल्क्यांना ब्रह्मासाठी जी वाट धरावी लागली, तीच मसुदाकाराला मारुती ८०० साठी धरावी लागली. ट्रॅक्टरची व्याख्या त्याहून विरक्त आहे: स्वतःवर कसलाही भार वाहण्यासाठी न बनवलेलं वाहन. दोन्ही मडगार्डांवर अर्धं वऱ्हाड बसवून, मागे उसाच्या दोन ट्रॉल्या लावून, गाणी वाजवत जाणारा ट्रॅक्टर ज्यानं सांगलीकडे पाहिलाय, त्याच्यापुढे ही व्याख्या वाचू नये.

मुळात ‘मोटार वाहन’ कशाला म्हणायचं यालाही शेपूट आहे. चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचंच इंजिन असेल, तर ते या कायद्यापुरतं मोटार वाहनच नाही. १९७२ साली आलेली लूना ५० सीसीची, म्हणजे आमच्या पिढीनं जिला चढावर पायडल मारून घाम गाळला ती कायद्यानं रीतसर मोटार होती. उलट आजची बॅटरीवरची हलकी स्कूटर, मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि वजन बॅटरी सोडून ६० किलोपर्यंत असेल, तर नियमानं मोटार वाहन ठरत नाही. ना नंबर, ना लायसन्स. क्लासला उशीर झालेली एक मुलगी परवा अशाच एका गोष्टीवरून हॉर्न वाजवत माझ्या कोपराला घासून गेली. मला ती अगदी वाहनासारखी लागली.

‘माल’ या शब्दात जनावरं येतात, आणि जिवंत माणसं सोडून गाडीतून नेलेलं जवळजवळ सगळं येतं. ‘जिवंत’ हा शब्द त्या बाबूनं फार विचार करून घातला असणार. मी तिथून घाईनं पुढे सरकतो.

चालकाची व्याख्या घ्या. दुसऱ्या गाडीनं ओढून नेल्या जाणाऱ्या बंद गाडीचं सुकाणू ज्याच्या हातात, तोही चालकच. म्हणजे टोचन लावून चाललेल्या जीपमध्ये जो नुसता स्टिअरिंग धरून बसलाय, त्यानं ‘‘मी कुठे चालवतोय, मला तर नेतायत’’ असं म्हणायची सोय ठेवलेली नाही. पण आपल्याकडची खास पद्धत या व्याख्येतही बसत नाही. पेट्रोल संपलेल्या स्कूटरच्या सायलेन्सरवर मित्र आपल्या गाडीवरून डावा पाय टेकवतो आणि ती पेट्रोल पंपापर्यंत ढकलत नेतो. इथे ओढणं नाहीच, ढकलणं आहे. दोघांत चालक कोण, हा प्रश्न एखाद्या दिवशी उच्च न्यायालयात जाईल, आणि तेव्हा मी आत जाऊन ऐकणार आहे.

हेल्मेटचं प्रकरण पुणेकरासमोर काढू नये असा संकेत आहे, पण व्याख्या फार देखणी आहे. कलम १२९ म्हणतं, आकार, साहित्य आणि बांधणी पाहता अपघातात काही प्रमाणात तरी बचाव करील अशी वाजवी अपेक्षा जिच्याकडून ठेवता येते, आणि जी पट्ट्यांनी डोक्याला घट्ट बांधलेली आहे, ती शिरस्त्राण. म्हणजे कोपरात अडकवलेलं, आरशाला टांगलेलं किंवा पेट्रोलच्या टाकीवर अंडं उबवत बसलेलं हेल्मेट हे हेल्मेटच नाही. चौक दिसल्यावर नुसतं डोक्यावर ठेवलेलंही नाही. ते ठेवणाऱ्याचा चेहरा मात्र कायदा पाळल्याच्या समाधानानं भरलेला असतो.

व्याख्येशी खरी झटापट कुणी केली असेल तर ती वडापवाल्यांनी. कायद्यात भाड्याच्या गाड्यांचे दोन मोठे प्रकार आहेत. एकीत चालक सोडून सहापेक्षा जास्त प्रवासी, प्रत्येकाचं भाडं वेगळं, आणि चढउतार टप्प्याटप्प्यावर. एसटी ती हीच, सहा किलोमीटरचा एक टप्पा धरून चालणारी. दुसरीत अख्खी गाडी एका करारानं ठरलेली. वाटेत बाहेरचा कुणी घ्यायचा नाही, सोडायचा नाही. वडापची जीप परवान्यानं दुसरी आणि वागण्यानं पहिली. पुढे नाक्यावर तपासणी चाललीय अशी खबर समोरून येणाऱ्याच्या लाइटवरून मिळते, आणि ड्रायव्हर मान न वळवता सांगतो, ‘‘कुणी इचारलं तर समदी एकाच लग्नाला चाललोय म्हणा.’’ एका वाक्यात करार होतो. तोवर एकमेकांच्या मांडीवर बसून भांडणारी पंधरा माणसं पाहुणी होतात. टोपलीतली कोंबडी आहेराची ठरते. एखादी म्हातारी ‘‘पोरगी कुठली?’’ असं मनापासून विचारते, आणि तिला उत्तरही मिळतं. एवढा अभ्यास करून कायदा मोडणाऱ्यांबद्दल मला चोरटा आदर आहे.

पण हे शब्द नेहमीच करमणुकीला नसतात. १९८७ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात, कवठे गावाजवळ, महामार्गावर पहाटे तीनच्या सुमाराला ट्रकशी टक्कर होऊन पेट्रोलचा एक टँकर कडेला उलटला. चारेक तास तो तसाच पडून होता, पेट्रोल गळत होतं, माणसं भोवती जमली होती. मग स्फोट झाला आणि कित्येकजण भाजून मेले. त्यांच्या वारसांनी भरपाई मागितली तेव्हा समोरून वाद आला की कायदा मोटार वाहनाच्या ‘वापरातून’ झालेल्या अपघाताबद्दल बोलतो; हा टँकर तर चार तास आडवा पडला होता, त्याचा वापर कुठे चालला होता? दोष कुणाचा हे न पाहता मृत्यूपोटी तेव्हा तात्पुरती भरपाई मिळायची, १५,००० रुपये. एवढ्यासाठी खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९१ साली न्यायालयानं सांगितलं की गाडी चालू असते तेव्हाच ती वापरात असते असं नाही; बंद पडलेली, थांबलेली गाडीसुद्धा वापरातच असते, आणि तो स्फोटही त्या वापरातूनच झाला.

त्याआधी १९८८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठासमोर असाच प्रश्न ‘सार्वजनिक जागे’चा होता. विमा सार्वजनिक जागेतल्या अपघाताला बांधलेला. मग फाटकाआडच्या आवारात गाडीखाली माणूस सापडला तर? लोकांना जिथे जाता येतं, हक्कानं असो की कुणाच्या परवानगीनं, ती सार्वजनिक जागा, असं पीठानं म्हटलं. नाक्यावरचा वाद घालणारा माणूस मघापर्यंत मला मिस्कील वाटत होता. तोच माणूस कोट चढवून भरपाई अडवायला उभा राहिला की त्याचं कौतुक राहत नाही. मग खेचरं वाढवत बसलेला तो बाबूच आपला वाटतो. २०१९ च्या दुरुस्तीत ‘सुवर्ण तास’ हीसुद्धा व्याख्या झाली: जबर दुखापतीनंतरचा तो एक तास, ज्यात तातडीचे उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सर्वाधिक. घड्याळाकडे बघून लिहिलेली ही एकच व्याख्या.

यादीतली शेवटची, एकोणपन्नासावी व्याख्या वजनाची. वाहनाची चाकं ज्या पृष्ठभागावर टेकलीत, त्या पृष्ठभागावर त्या वेळी चाकांतून पोचणारा एकूण भार, ते वजन. स्कूटरवर पुढे उभा पोरगा, मागे आडवी बसलेली बायको, तिच्या मांडीवर धाकटी, पायांत गॅसचा सिलिंडर आणि हँडलला कोथिंबीर, असं एक घर रविवारी सकाळी जातं तेव्हा चाकांतून रस्त्यावर काय काय पोचत असेल! कलम १२८ म्हणतं, चालवणाऱ्याखेरीज एकच. तिथे घर हा शब्द नाही.

आणखी एक शब्द नाही, आणि तो शोधायला मी ही सगळी यादी पुन्हा चाळली. चालक आहे, वाहक आहे, मालक आहे, ट्रॅक्टरसुद्धा आहे. पायी चालणारा या कलमात नाही. ती एकोणपन्नासावी व्याख्या त्याला लावून पाहिली. भार चाकांतून पोचायला हवा, आणि त्याला चाकं नाहीत. तेव्हा वजन शून्य. हा बिनवजनाचा इसम रोज संध्याकाळी पिशवी डाव्या हातात घेतो, उजवा तळहात येणाऱ्या रहदारीपुढे धरतो आणि सरळ रस्त्यात उतरतो. सिग्नल हिरवा आहे की लाल याच्याशी त्या तळहाताचा संबंध नसतो. समोरचा टेम्पोवाला करकचून ब्रेक दाबतो, खिडकीतून अर्धा बाहेर येतो, पादचाऱ्याची चार शब्दांत व्याख्या करतो, त्यात त्याच्या तीर्थरूपांचाही समावेश करतो, आणि पुढे निघून जातो.