बेल्जम नाना

आमच्या जामखेडच्या आठवडे बाजारात जुन्यापान्या वस्तूंची पथारी लागते, तिथे नाना हमखास सापडतात. काखेत भाजीची पिशवी, पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी, आणि हातात उन्हाकडे धरलेला काचेचा पेला. चेहरा असा, की खर्ड्याच्या लढाईचा निकाल 1795 साली लागलाच नव्हता, तो या पेल्यात लागणार आहे. काकूंनी सांगितलेली वांगी तिकडे बाजार उठेपर्यंत सुकत राहतात.

"बेल्जम," नाना म्हणतात.

गावाने त्यांचं नावच बेल्जम नाना पाडलंय. तसा बेल्जियमवर आमच्या मुलखाचा विश्वास जुना. वाड्यातला आरसा बेल्जमचा, हंड्या-झुंबरं बेल्जमची, आजोबांच्या चष्म्याची भिंगंसुद्धा बेल्जमची. एवढी काच त्या देशाने खरंच इकडे धाडली असती, तर तिकडे खिडक्यांना गोणपाट लावायची वेळ आली असती. नानांनी फक्त हा विश्वास पेल्यांना, बश्यांना आणि मिठाच्या सटांना लागू केला. निवृत्तीनंतर माणसं एकतर हरिपाठाला लागतात नाहीतर शेजाऱ्याच्या बांधाला. नाना काचेला लागले.

त्यांची तपासणी बघण्यासारखी असते. आधी टिचकी. खण्ण वाजलं तर शिसं घातलेली काच, थप्प वाजलं तर साधी. मग पेला गालाला लावायचा, गार लागला तर जुना. या हिशेबाने थंडीच्या दिवसांत बाजारातल्या सगळ्याच वस्तू पेशवाईतल्या ठरतात. मग घड्याळजीकडून आणलेलं भिंग. आणि शेवटचं अस्त्र म्हणजे पुतण्याच्या कापडदुकानातला, खोट्या नोटा ओळखायचा जांभळा दिवा. पूर्वी काही पिवळ्या-हिरव्या काचेत थोडं युरेनियम घालत आणि अशी काच त्या उजेडात काजव्यासारखी हिरवी पेटते, हे अगदी खरं आहे. त्यासाठी नाना दुकानाचं शटर ओढून अंधार करतात. बाहेर गिऱ्हाईक ताटकळतं. पुतण्या काकुळतीला येतो, "नाना, लगीनसराई आहे ओ!" आजवर त्या दिव्याखाली एकच वस्तू पेटली, ती म्हणजे पुतण्याचा नुकताच पावडरीने धुतलेला पांढरा सदरा.

पण थट्टा पुरे. साच्यात दाबलेली काच नानांना खरंच कळते. वितळलेल्या काचेचा गोळा लोखंडी साच्यात सोडायचा आणि वरून दट्ट्या दाबायचा. त्यामुळे नक्षी उठते बाहेरून, आत मात्र दट्ट्याचा गुळगुळीतपणा राहतो. फुंकून साच्यात भरलेल्या भांड्यात आतूनही नक्षीचा उंचसखलपणा लागतो. साचा दोन-तीन तुकड्यांचा असतो, म्हणून जोडाची बारीक रेघ काठापासून तळापर्यंत उतरते. नाना ती डोळे मिटून अंगठ्याने शोधतात, वैद्याने नाडी धरावी तशी. "कंगोरा बोटाला टोचला तर हाताने कापलेला, बोट सरकलं तर दाबलेला," हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की आता माझी बायकोही सरबत द्यायच्या आधी ग्लास चाचपते.

अडचण कळण्याची नव्हतीच. कळलं की नानांना धीर निघत नाही. पथारीवाल्या मावशींनी हे केव्हाच ओळखलंय.

"केवढ्याला, मावशी?"

"नुसतं बघितलं तर दहा, नाना. भिंग लावलं की पन्नास."

मागच्या दसऱ्याच्या बाजारात त्यांना तो पेला मिळाला. केशरी रंगाचा, वर डबक्यातल्या तेलावर दिसते तशी इंद्रधनुष्याची झाक, अंगावर फुलांची दाबीव नक्षी. नानांनी आत वाकून तळ पाहिला आणि बाजारातच खाली बसले. तळाला चार इंग्रजी अक्षरं होती. "एन, आय, ए, जे. निआज!" नानांचा आवाज कापत होता. "नियाज! उस्ताद नियाज! अरे, इथून पाटोद्याकडे निघालं की 1948 पर्यंत मोगलाईच होती. निजामाच्या पदरी कुणी इराणी कारागीर असणार." मावशींनी तेवढ्यात भाव शंभरावर नेला. नानांनी दिला. संध्याकाळपर्यंत उस्तादाला बेल्जमला पाठवून शिकवून परत आणण्यापर्यंत नानांची मजल गेली होती.

मी नानांच्या घरी जाऊन पेला फक्त पालथा केला. खालून वाचलं तर अक्षरं सरळ होती: जे, ए, आय, एन. फिरोजाबादची जैन ग्लास वर्क्स.

नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "फिरोजाबाद म्हणजे बांगड्यांचं?" आतून काकूंनी नेमक्या त्याच वेळी हात वाजवले.

मी समजूत काढायला गेलो. गरम काचेवर धातूच्या क्षारांचा फवारा मारून ही झाक आणतात. 1907-08 च्या सुमारास अमेरिकेत फेंटनच्या कारखान्याने ही टूम काढली, पुढे आपल्याकडेही असे पेले निघाले. या केशरी रंगाला तिकडचे शौकीन चक्क झेंडू म्हणतात आणि आपले हे पेले हौसेने जमवतात. त्यांचं बेल्जम म्हणजे आपलं फिरोजाबाद! तळेगावचा पैसा फंड काच कारखाना 1908 चा, लोकांच्या एकेक पैशाच्या वर्गणीवर उभा राहिलेला; ओगलेवाडीचा 1916 चा. आणि त्या ओगल्यांचाच प्रभाकर कंदील, नाना, तुमच्या गोठ्यात लटकतोय, त्याला कधी टिचकी मारलीत?

नाना उठले, गोठ्यात गेले. टिचकीचा आवाज आला. मग म्हशीचा.

आता परिस्थिती आणखी बिकट आहे. परवा बीड रोडवरचे एक गृहस्थ आजोबांचा आरसा घेऊन आले. लाकडी चौकट, मागे पिवळी पडलेली चिठ्ठी, तिच्यावर स्पष्ट छापलेलं: मेड इन बेल्जियम. नानांनी भिंग लावलं, गाल लावला, काठावरून अंगठा फिरवला.

"फिरोजाबाद," ते म्हणाले.

"पण नाना, चिठ्ठी?"

"चिठ्ठीचं काय घेऊन बसलात! ती कुणीही छापतं."