वैमानिकाकडे दोष नाही

हा गृहस्थ तुमच्या सोसायटीतही असणारच. बाल्कनीत कपड्यांच्या दोरीला चिमटे लावून फूटभर लांबीची दोन काळी पाती टांगलेली, कोपऱ्यातल्या कुंडीत रोपाऐवजी नुसती वाळू आणि त्या वाळूत ठेवून एक बॅटरी चार्ज होतेय, असं दिसलं की समजावं, इथे रेडिओ कंट्रोलवरचं हेलिकॉप्टर उडवणारा माणूस राहतो. (लिथियम पॉलिमर बॅटरी चार्ज होताना पेट घेऊ शकते, म्हणून ती कुंडी. पाहुण्यांना वाटतं काहीतरी पेरलंय. एका आजींनी एकदा तिला पाणीही घातलं होतं.) आता ‘उडवणारा’ हे आपलं म्हणायला. एका बॅटरीवर हेलिकॉप्टर उडतं जेमतेम पाच-सहा मिनिटं. उरलेला आठवडा स्क्रू आवळण्यात जातो.

आमच्या सोसायटीत या माणसाला कॅप्टन म्हणतात. सैन्याशी, विमान कंपनीशी किंवा क्रिकेटशी त्यांचा काडीचा संबंध नाही. ते बँकेतून निवृत्त झाले आणि बँकेतही इन्स्पेक्शनला होते. उभी नोकरी दुसऱ्यांच्या शाखांत जाऊन दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्या दुसऱ्यांच्याच सहीनिशी कागदावर घ्यायच्या. हा तपशील लक्षात ठेवा.

कारण हेलिकॉप्टर पडतं. विमानाचं मॉडेल नीट बनवलेलं असेल तर रिमोटवरचे अंगठे क्षणभर उचलले तरी ते आपलं सरळ जात राहतं. हेलिकॉप्टरला असली माया नाही. एका अंगठ्यानं उंची आणि शेपूट सांभाळायची, दुसऱ्यानं पुढे-मागे आणि डावं-उजवं. एक सावरावं तर दुसरं घसरतं. त्यात त्याचं नाक तुमच्याकडे वळलं की उजव्याचं डावं होतं आणि भल्याभल्यांची मती गुंग होते. म्हणून नवशिके त्याच्या पायांना दोन काड्या फुलीसारख्या बांधतात आणि टोकांना पिंगपाँगचे चेंडू लावतात. कॅप्टन शिकत होते त्या वर्षी आमच्या क्लबहाऊसमधलं टेबल टेनिस बंद पडलं.

तर, पडतं. पडलं की बाकीची माणसं धावतात. कॅप्टन हात वर करून गरजतात, “कुणी हात लावायचा नाही!” आधी बॅटरीची पिन काढतात, हे योग्यच. मग चारी बाजूंनी फोटो. मग पावलं टाकून अंतर. मग खिशातून बँकेची जुनी डायरी निघते आणि पंचनामा सुरू होतो. पंच क्रमांक एक म्हणजे मी. माझ्या गाडीची डिकी मोठी म्हणून मला नेतात असा माझा समज होता. नेतात ते सहीसाठी. पंच क्रमांक दोन तात्या. भातकापणी झाली की मुळशीकडे त्यांची खाचरं मोकळी होतात, आणि आम्ही तिथेच जातो. पहिल्यांदा सही करताना तात्यांनी विचारलं होतं, “सायब, यानं माझ्या सातबाऱ्याला काय व्हनार न्हाई ना?”

मजकूर कॅप्टन सांगतात, मी लिहितो. “मुख्य पातं, नग एक, टोकाकडून अंदाजे दोन इंच तुटलेलं. शेपटीची नळी वाकलेली. मुख्य गिअरचे दात, सात, गहाळ. कॅनॉपी चिखलयुक्त.” पुढे कारण. आणि सगळ्यात शेवटी, खाली रेघ मारून, दर वेळी तेच वाक्य: “वैमानिकाकडे दोष नाही.”

मग दोष कोणाकडे? बहुधा वाऱ्याकडे. “आग्नेयेकडून अवचित झोत.” वारा अगदीच नसला तर सर्वोकडे. सर्वो निर्दोष ठरला तर जायरो, जायरोही सुटला तर बॉल लिंक. एकदा तात्यांची म्हैस, “नजरेच्या रेषेत आल्याने”. एकदा मी, लाल शर्ट घातल्याने. त्या पंचनाम्यावर मी पंच म्हणून सही केली आणि आरोपी म्हणूनही.

पंचनामा क्रमांक एक मात्र माझ्या आधीचा. तो वहिनींनी सांगितला. 1939 साली इगोर सिकोर्स्कीनं आपलं व्हीएस-300 हे हेलिकॉप्टर पहिल्यांदा जमिनीवरून उचललं तेव्हा ते दोरांनी बांधून ठेवलेलं होतं, हे कॅप्टननी कुठेतरी वाचलं. सिकोर्स्की जे करतो त्यात लाज कसली? वहिनींचा पाटा गच्चीवर गेला, त्याला सुतळी, सुतळीला हेलिकॉप्टर. ते हातभर उठलं, सुतळी ताणली गेली, ते आडवं झालं आणि मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्या घेणारी पाती दगडावर उतरली. त्या वर्षी पाट्याला टाकी लावून घ्यावी लागली नाही, असं वहिनी म्हणतात. निष्कर्ष: पाट्याचं वजन अपेक्षेपेक्षा जास्त. वैमानिकाकडे दोष नाही.

वहिनींनी यापेक्षा जास्त सोसलंय. हेलिकॉप्टर पडलं की आतले दांडे वाकतात, आणि दांडा सरळ आहे की नाही हे बघायला तो काचेवर घरंगळवतात. घरात सपाट काच एकच, दिवाणखान्यातल्या टीपॉयची. त्यासाठी चहाचे कप उचलले जातात, पेपर उचलला जातो, प्रसंगी पाहुणेही. मुलीला बघायला मंडळी आली होती त्या संध्याकाळी कॅप्टन कांदेपोह्यांच्या बश्या सरकवून दांडा घरंगळवत होते. मुलाची आई जरा वाकली, बघत राहिली आणि म्हणाली, “मध्ये वाकलाय की हो.” कॅप्टननी तिथल्या तिथे स्थळ पसंत केलं. मुलगा काय करतो हे त्यांनी नंतर विचारलं.

त्यांच्या देवघरात दत्ताच्या तसबिरीशेजारी एका जर्मन माणसाचा फोटो आहे. डीटर श्लूटर. 1970 च्या सुमारास या गृहस्थानं रिमोटवरचं हेलिकॉप्टर खऱ्या अर्थानं ताब्यात राहून उडेल असं करून दाखवलं. त्याआधी बरेच जण झटत होते. उठायचं आणि कलंडायचं. फोटोला रोज उदबत्ती ओवाळली जाते. श्लूटरनं पंचनामे ठेवले असते तर जग शहाणं झालं असतं, असं कॅप्टनचं मत आहे.

या यंत्रात मुळात अवघड काय, हेही मला त्यांनीच शिकवलं, मी विचारलं नसताना. पातं नुसतं फिरत नाही; प्रत्येक फेरीत ते आपला कोन बदलतं, एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. ते काम मधल्या स्वॉशप्लेटचं. आणि गंमत अशी की, फिरत्या वस्तूला दिलेला धक्का तिथेच लागत नाही, पाव फेरी पुढे जाऊन लागतो. “इन्स्पेक्शनसारखं,” कॅप्टन म्हणाले. “चूक होते लातूरला, उमटते उदगीरला.”

गेल्या दिवाळीत बी विंगमधला एक मुलगा ड्रोन घेऊन खाली आला. लग्नांचं शूटिंग करतो. ड्रोन वर गेला आणि मुलानं दोन्ही अंगठे काढून मोबाइलवर कुणाला तरी उत्तर लिहायला घेतलं. ड्रोन जागच्या जागी उभा. त्याच्या पोटातला कॉम्प्युटर, सेन्सर आणि जीपीएस मिळून त्याला सावरत होते. कॅप्टन बराच वेळ मान वर करून बघत होते.

“हा पडतो कधी?”

“पडत नाही काका.”

“मग तू करतोस काय?”

मुलगा हसला. कॅप्टनना तो विनोद नव्हता. जिथे चूक करायचीच सोय नाही तिथे माणसानं उभं तरी कशाला राहायचं, असा काहीतरी त्यांचा प्रश्न असावा. घरी जाऊन त्यांनी गिअरचे दात पुन्हा मोजले म्हणे.

एका बाबतीत मात्र मी त्यांची टिंगल करत नाही. पाती फिरायला लागली की सगळ्यांनी कॅप्टनच्या मागे, वीस पावलांवर. तात्यांच्या नातवंडांना तर बांधापलीकडे. 2013 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये असल्याच हेलिकॉप्टरच्या पात्यानं एका तरुणाचा जीव गेला. कॅप्टन ती गोष्ट कधी रंगवून सांगत नाहीत. फक्त मागे वळून माणसं मोजतात आणि मगच मोटर चालू करतात.

आणि एकदा, हेही सांगायला हवं, मी त्यांना खरंच उडवताना पाहिलं. हिवाळ्यातली सकाळ होती. हेलिकॉप्टर उंच गेलं आणि त्यांनी मोटर बंद केली. मुद्दाम. ते दगडासारखं यायला लागलं, पण खालून वर येणाऱ्या हवेनं पाती फिरती ठेवली. याला ऑटोरोटेशन म्हणतात. इंजिन गेलं की खरे वैमानिकही हेच करतात. शेवटच्या पुरुषभर उंचीवर कॅप्टननी पात्यांचा कोन वाढवला, फिरत्या पात्यांतला सगळा जोर एकदम वापरला, आणि ते भाताच्या सडांमध्ये असं टेकलं की तात्यांची म्हैस रवंथ करायची थांबली नाही. कॅप्टनच्या हनुवटीला घाम सुटला होता. मी विचारलं, “आज पंचनामा?”

“काय लिहिणार? काही तुटलंच नाही,” ते म्हणाले. आवाज जरा उतरलेला होता, असं मला उगाच वाटलं.

यंदा त्यांच्या हेलिकॉप्टरच्या कॅनॉपीचे, म्हणजे पुढच्या टोपणाचे, रंग बदलत गेले. आधी पांढरी होती. मग पिवळी झाली. मग रस्त्यावर काम करणाऱ्यांच्या जाकिटासारखी नारिंगी, शेपटीला काळे पट्टे. उंचीही कमी होत गेली, अंतरही. मी विचारलं तर म्हणाले, प्रकाशाचा प्रश्न आहे. वहिनींना विचारलं तर त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की हे रंगाचा डबा आणतात.”

परवाच्या रविवारी खाचरात पान हलत नव्हतं. हेलिकॉप्टर पलीकडच्या बांधापर्यंत गेलं आणि वळलं. कॅप्टननी डोळे बारीक केले. ते येतंय की जातंय, हे कळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात ते डावीकडे कललं, त्यांनी सावरायला अंगठा दिला तो नेमका उलट, आणि बांधावर पात्यांचा ओळखीचा आवाज झाला. मी आणि तात्या जागीच थांबलो, सवयीनं. हात वर झाला नाही. कॅप्टन चालत गेले, पिन काढली आणि बांधावर बसले.

“डायरी देऊ?” मी म्हटलं.

“राहू दे. नाक दिसलं नाही रे मला.”

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “पण झोत आला होता. मागून. माझी टोपी उडणार होती.”

“व्हय सायब,” तात्या म्हणाले. “लई मोठा झोत.”

कॅप्टननी मान वर केली. खोटं व्हाउचर समोर आलं की ते असेच बघत असणार.

“मागून?”

“मागून.”

“मागून आला असता तर ते पुढे ढकललं गेलं असतं. हे डावीकडे गेलंय. आणि टोपी कुठली? तू टोपी घातलीयेस कुठे?” ते उठले. मोडक्या डोक्याशी वाकून त्यांनी एकेक बॉल लिंक ओढून बघितली. तिसरी जरा सैल निघाली, किंवा त्यांच्या ओढण्यानं झाली. “ही बघ! काढ डायरी. तात्या, उजेड सोडा. हं, लिही. पंच क्रमांक एक, साक्ष अविश्वसनीय.”