टॉर्कभाऊ

टॉर्कभाऊंचं खरं नाव आरसी बुकावर आहे म्हणतात, पण ते आरसी बुक फेरनोंदणीच्या फायलीत गेलंय आणि फाइल कुठे गेलीय ते भाऊंनाच माहीत. हे नाव त्यांना पडलं ते त्यांच्या पहिल्या प्रश्नामुळे. पेणकरपाड्यातल्या आमच्या गॅरेजात कोणाचीही गाडी आत शिरली, की हे टायरांच्या थप्पीवर बसल्या बसल्या विचारणार, "टॉर्क किती?" समोरचा बिचारा पंक्चर काढायला आलेला असतो. त्याला ॲव्हरेज माहीत असतं, हप्ता माहीत असतो, फार तर इन्शुरन्स कधी संपतो ते ठाऊक असतं. टॉर्कचा त्याने कधी विचारच केलेला नसतो. मग भाऊ त्याच्या गाडीचा टॉर्क त्यालाच सांगतात, तोही कितव्या आरपीएमला मिळतो त्यासकट. आपल्या बायकोची जन्मतारीख परक्या माणसाने चारचौघांत सांगावी, तसा त्या गिऱ्हाइकाचा चेहरा होतो.

दहिसर चेकनाका ओलांडला की मुंबई संपते आणि मिरा-भाईंदर सुरू होतं. त्या सांध्यावर पेणकरपाडा आहे. एका अंगाला हायवे, दुसऱ्या अंगाला गाळे. गाळ्यांतून लेथ फिरतात, प्रेस आपटतात, प्लास्टिकचे डबे गरमागरम बाहेर पडतात. जी वस्तू बाजारात मिळत नाही, ती इथे कोणीतरी करून देतो. फक्त "उद्या या" हे तीन-चारदा ऐकून घ्यायची तयारी पाहिजे. आमचं गॅरेज अशाच दोन गाळ्यांच्या फटीत आहे. मालकाला सगळे उस्ताद म्हणतात. हाताखाली छोटू आहे. त्याला आता मिशी फुटली, पण नाव छोटूच राहिलं.

या गॅरेजच्या अगदी आतल्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, भाऊंची २००४ सालची एस्टीम उभी आहे. तेराशे सीसी, सोळा व्हॉल्व्ह, ८५ हॉर्सपॉवर. हेड उघडून लेथवर गेलंय. चाकांच्या जागी विटा आहेत. भाऊंना तिच्यात बलेनोचं सोळाशे सीसीचं इंजिन बसवायचंय. जुनं बलेनो, १९९९ ते २००७ मधलं. "आताचं नव्हे," हे ते इतक्या तुच्छतेने सांगतात की आताची बलेनो घेऊन आलेला माणूस गाडी थोडी लांब लावतो. इंजिन कुर्ल्याला सीएसटी रोडवर एकाने बघून ठेवलंय. ते बघून ठेवलेलंच आहे.

गाडीच गॅरेजात असल्यामुळे भाऊ स्वतः शेअर रिक्षाने येतात. दिवसा ते एका औषध कंपनीच्या पर्चेस खात्यात असतात. संध्याकाळी मिरा रोड स्टेशनला उतरतात आणि रिक्षात पुढे, चालकाशेजारी बसतात. क्लच अर्धा दाबून ठेवल्याने प्लेट कशी जळते, हे पेणकरपाडा येईपर्यंत त्याला समजावतात. काही रिक्षावाले त्यांना बघून "सीट फुल" म्हणतात.

भाऊंच्या मते जगातल्या मालाच्या चार जाती आहेत. पहिला कंपनीचा, म्हणजे कंपनीच्या डब्यातला. दुसरा ओईएम: तोच कारखाना, तीच डाय, तोच कामगार, फक्त डब्यावर मोटार कंपनीचं नाव नाही म्हणून स्वस्त. तिसरा आफ्टरमार्केट: दुसऱ्याच कोणीतरी केलेला, कधी मूळ मालापेक्षा सरस, कधी देवाच्या भरवशावर. आणि चौथा डुप्लिकेट: डबा कंपनीचा, आत काय ते विचारू नका. ही वर्गवारी खरोखरच उपयोगाची आहे, आणि ती मला कोणत्याही शोरूममध्ये कोणी सांगितली नव्हती.

एकदा त्यांनी ब्रेक पॅडचा डबा तपासताना मी जवळून पाहिलं. आधी हॉलोग्राम उजेडात तिरपा धरला, मग नखाने खरवडला. छपाईत एक अक्षर जाड आहे का ते बघितलं. डबा उघडून पॅड तळहातावर तोलला, कडेवरून अंगठा फिरवला आणि शेवटी नाकाशी नेला. डोळे मिटले. "ओरिजिनल," असा निकाल देऊन त्यांनी डोळे उघडले, तोवर छोटूने त्या गाडीला दुसरेच पॅड बसवून गिऱ्हाइकाला रस्त्याला लावलेलं होतं. चाकाचे नट तो एल पान्यावर दोन्ही पाय देऊन उभा राहून आवळतो. भाऊंकडे टॉर्क रेंच आहे, मखमलीच्या खणात ठेवलेला. तो त्यांनी छोटूला दाखवला होता. छोटूने तो हातात घेऊन विचारलं, "ये टूटेगा क्या?" तेव्हापासून खण बंद आहे.

एस्टीमला भाऊंनी काय काय लावलं आणि काय काय काढलं, त्यावरून देशाच्या कायद्याचा इतिहास लिहिता येईल. काचांना काळी फिल्म लावली. २०१२च्या एप्रिलात सुप्रीम कोर्टाने फिल्म बंद केली. फिल्म खरवडून काढताना मागच्या डिफॉगरच्या तारा निघाल्या, त्या अजून लागायच्या आहेत. मग पुढे बुलबार बसवला. २०१७च्या डिसेंबरात केंद्राने राज्यांना पत्र धाडलं की असले बार काढा, एअरबॅगच्या सेन्सरला अडथळा होतो आणि पायी चालणाऱ्याला जास्त लागतं. एस्टीमला एअरबॅगच नाहीत असा भाऊंचा मुद्दा होता. हवालदाराने तो शांतपणे ऐकला आणि पावती फाडली. मग फ्री फ्लो एक्झॉस्ट आला. त्या आवाजाने सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यापर्यंतची तान्ही मुलं उठायची. २०१९च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने पुन्हा सांगितलं, की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार चालायचा नाही. भाऊंचं म्हणणं असं, की कोर्टात कोणीतरी त्यांच्यावर पाळत ठेवून आहे. आज त्या गाडीवर शंभर टक्के कायदेशीर आणि नवीकोरी अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. अलीकडे या सगळ्या दुःखांत इथेनॉलची भर पडली. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून जुन्या गाड्यांचे रबरी होस आणि सील जातात, असं भाऊ रोज तावातावाने सांगतात. ती चिंता अगदीच खोटी नाही, पण यांच्या गाडीच्या टाकीत पेट्रोलच नाही.

घरी वहिनींची ॲक्टिव्हा आहे. तिला एकही जास्तीचा पार्ट लावलेला नाही आणि ती रोज पहिल्या बटणाला सुरू होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे भाऊंना मान्य नाही.

दुसरा चहा आला की गॅरेजात पिस्तुलं निघतात. बोलण्यात हो. हे वळण कसं येतं ते सुरुवातीला मला कळायचं नाही, आता कळतं. सस्पेन्शनपासून सुरुवात होते. शॉक ॲब्सॉर्बरची स्प्रिंग किती कडक असावी, धक्का कुठे जिरवावा, यावर पालिओवाला आणि भाऊ भांडत असतात. (पालिओवाला हे आणखी एक प्रकरण आहे, त्यांची पालिओ गाडी चालू आहे, पण डाव्या आरशाची काच मिळत नाही म्हणून ते डावीकडे वळत नाहीत.) धक्क्यावरून रिकॉइलवर, स्प्रिंगवरून स्प्रिंगवर, आणि तिसऱ्या मिनिटाला दोघे ऑस्ट्रियात पोचलेले असतात.

"ग्लॉक सतरा का म्हणतात? सतरा गोळ्या मावतात म्हणून," पालिओवाले.

"चूक. कंपनीचं ते सतरावं पेटंट होतं म्हणून."

हे भाऊंचं बरोबर आहे. पण त्यांचा खरा जीव जडलाय तो खुद्द ग्लॉकसाहेबांवर. गास्टन ग्लॉक यांनी त्याआधी पिस्तूल कधी बनवलं नव्हतं. पडद्याच्या दांड्या बनवायचे, सुऱ्या बनवायचे. ऑस्ट्रियाच्या लष्कराला नवं पिस्तूल पाहिजे असं कळलं, तर या माणसाने प्लास्टिकच्या सांगाड्याचं पिस्तूल करून दाखवलं आणि १९८२ साली लष्कराने मोठमोठ्या नावांना बाजूला सारून ते घेतलं. "पडद्याच्या दांड्या, काका!" भाऊ माझ्या गुडघ्यावर थाप मारतात. "म्हणजे आपल्या या गाळ्यातलाच माणूस!" समोर शटरआड प्रेस आपटत असतो. आत काय बनतंय ते मला माहीत आहे: डब्यांची झाकणं. पण त्या क्षणी मलाही क्षणभर वाटून जातं, की काय सांगावं.

भाऊंनी पिस्तूल कधी हातात धरलेलं नाही. नऊ एमएम सामान्य माणसाला मिळत नाही, हे तेच सांगतात. मिळतं ते .३२ बोअर. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्वर काढलं, अर्धा किलोचं, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. "एका निर्भीकमध्ये दोन एस्टीम येतात," असा हिशोब त्यांनी तेव्हाच केला होता. गोळी मात्र आपली, खडकीची, हे सांगताना त्यांचा आवाज भरून येतो; खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. लायसन्ससाठी अर्ज करायचा त्यांनी एकदा मनापासून विचार केला होता. पोलिसांची चौकशी, डॉक्टरचा दाखला, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट, सगळ्याला ते तयार होते. घोडं अडलं ते एकाच प्रश्नावर: हत्यार कशासाठी हवं, जिवाला धोका कोणाकडून? भाऊंनी खूप आठवून पाहिलं. शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरीचं नाव डोळ्यांपुढे आलं, पण तो फक्त पार्किंगच्या थकबाकीची नोटीस लावतो.

अमेरिकेत लोक पिस्तुलाची मूठ बदलतात, घोडा हलका करतात, वर दुर्बीण चढवतात. तिथे पिस्तुलाचा आफ्टरमार्केट आपल्या गाड्यांच्या आफ्टरमार्केटएवढा फोफावलेला आहे. आणि इथे? १९५९च्या शस्त्र कायद्यात हत्याराच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, आणि नुसती दुरुस्ती करून द्यायलासुद्धा परवाना लागतो. "म्हणजे स्प्रिंग बदलली तरी गुन्हा!" असं म्हणून भाऊ कपाळावर हात मारतात. मला विचाराल तर कायदा करणाऱ्यांना भाऊंसारखी माणसं भेटली असणार. उद्या चुकून यांना लायसन्स मिळालंच, तरी मिरा-भाईंदरच्या शांततेला तिळमात्र धोका नाही. ते पिस्तूल पहिल्या आठवड्यात वर्तमानपत्रावर उघडून ठेवलेलं असेल, ओरिजिनल मॅगझिन कॅच मिळत नाही म्हणून काम थांबलेलं असेल, आणि एक स्प्रिंग छोटूने आपल्या बॉलपेनात घातलेली असेल.

या मंडळींत खरोखर गोळी झाडलेला एकच माणूस आहे. साताऱ्याकडचे फौजी मामा. पलटणीतून निवृत्त झाले, मग एका बँकेच्या दारावर स्वतःची बारा बोअरची दुनळी घेऊन उभे राहिले. आता तेही झालं. त्यांची सीएनजी वॅगनआर सिलिंडरच्या हायड्रो टेस्टसाठी आली होती. दर तीन वर्षांनी ती करावी लागते. भाऊंनी त्यांना टायरांवरची आपली जागा दिली, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मामा, बारा बोअरचा रिकॉइल कसा असतो?"

"खांद्याला लागतो."

"म्हणजे कितपत?"

"लागतो म्हणजे लागतो की. उस्ताद, टेस्टचा कागद आज मिळंल का?"

"पण मामा, आता ती बंदूक कुठाय?"

मामांनी बशीत चहा ओतला. "बंदूक कसली, फाइल हुती ती. लायसन नवं करा, इलेक्शन आली की जमा करायची नाय म्हणून बँकेचं पत्र घ्या, ठाण्यात खेपा मारा. नोकरी सुटली, दुकानदाराला इकून टाकली."

भाऊंचा आवाज खाली आला. "आणि पैसे?"

"हे काय," मामांनी वॅगनआरच्या डिकीकडे बोट केलं. "त्यात थोडं घालून किट बसवलं. किलोला पंचवीस देती."

नंतर बराच वेळ भाऊ काही बोलले नाहीत. दुनळीचं सीएनजी किट होऊ शकतं, हा धक्का कुठल्याच शॉक ॲब्सॉर्बरने जिरवला नसता.

असं असलं तरी गाडीतून येणारा आवाज ओळखावा तर भाऊंनीच. माझ्या शेजाऱ्यांच्या गाडीत खड्ड्यावर खटखट व्हायची. एका ठिकाणी त्यांना स्टिअरिंग रॅकच बदलायला सांगितलं होतं, वीस हजारांच्या वर. भाऊ रिक्षातून उतरले ते सरळ त्या गाडीत बसले, दोन स्पीडब्रेकर एकदा सरळ आणि एकदा तिरके घेतले, परत येऊन चाकामागे हात घातला आणि म्हणाले, "लिंक रॉड." काही शेकड्यांचं काम. इंजिनाचा आवाज असेल तर लांब पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि सगळ्यांना हाताने गप्प बसवतात. उस्ताददेखील तेवढा वेळ रेडिओ बंद करतात. यासाठी भाऊ कधी कोणाकडून एक पैसा घेत नाहीत. दुसऱ्याची गाडी पंधरा मिनिटांत रस्त्यावर आणणाऱ्या या माणसाची स्वतःची गाडी ताडपत्रीखाली का, असं मी एकदा उस्तादना विचारलं. ते म्हणाले, "गाडी बन गयी तो भाऊ आएगा किसलिए?"

तेव्हा वाचकांना एकच विनंती. कोणाकडे जुन्या एस्टीमचा मागचा दिवा पडून असेल, कंपनीचा, डब्यातला, हॉलोग्रामसकट, तर पेणकरपाड्यात कोणत्याही गॅरेजवर सांगून ठेवा, भाऊंपर्यंत पोचेल. डावीकडचाच हवा. उजवीकडचे त्यांच्याकडे तीन आहेत.