थंडीतला डिझेल ट्रक : स्वारगेटकरांसाठी प्राथमिक धडे

डिसेंबरात पारा ११ वर आला की स्वारगेटच्या एसटी स्टँडवर दोन प्रकारची माणसं दिसतात. कानटोपी घातलेली, आणि मफलर गुंडाळून कानटोपीवाल्यांना हसणारी. तुम्ही यांपैकी कुणीही असा, ट्रकला थंडी कशी वाजते हे तुम्हाला ठाऊक नाही असं धरून हे धडे दिले आहेत.

आधी थंडी आहे का ते ठरवा. पुण्यात हे काम वेधशाळा करते. तिथल्या चौकाला शिमला ऑफिस म्हणतात, कारण १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून इथे आलं. कार्यालय आलं, थंडी तिकडेच राहिली. पुण्याचा नीचांक १.७ अंश, तोही १९३५ च्या जानेवारीतला. त्याच्या आठवणीवर आपण अजून शेकोट्या पेटवतो. तेव्हा पुढचं सगळं, ट्रक काश्मीर-लडाखच्या वाटेला लागलाय असं समजून वाचावं. जेधे चौकात तो उभा कुठे करायचा, हे मात्र आम्हाला विचारू नये.

आता न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली आणा. उलटी करा. थेंब पडत नाही ना? झालं, निम्मा अभ्यासक्रम संपला. डिझेलचंही तसंच, त्यात मेण असतं. गारठलं की ते आधी दुधाळ दिसतं, मग मेणाचे कण फिल्टरमध्ये अडकतात, आणि टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशी राहतं. नवशिक्या इथे सेल्फ मारत बसतो आणि बॅटरी उतरवतो. उणे १८ अंशांत बॅटरीचा जोर तसाही निम्म्यावर आलेला असतो, आणि इंजिनातलं ऑइल काकवीसारखं झालेलं असतं.

भारतीय मानकानुसार हिवाळ्यातलं डिझेल ३ अंशांपर्यंत ओतता आलं म्हणजे पुरे. उन्हाळ्यातल्या डिझेलला तर १५ अंशांची सवलत आहे. पुण्याला हे चालतं. लडाखसाठी मात्र २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने वेगळं हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं. म्हणून मुख्य सूचना : इथून टाकी फुल करून निघालात तरी वर पोचेपर्यंत ती रिकामी होऊ द्या आणि तिथलं डिझेल तिथेच भरा. घरून डबा नेण्याची सवय असलेल्यांना हे जड जाईल.

डिझेल गोठलंच, तर टाकीखाली जाळ करू नये. लडाखमध्ये ड्रायव्हर वर्षानुवर्षं तेच करत आले, हे खरं. पण त्यांचा हात बसलेला आहे, तुमचा नाही. खोबरेलची बाटली आपण गरम पाण्यात ठेवतो, गॅसवर नाही. रॉकेल मिसळण्याचा सल्ला देणारे काकाही भेटतील. रॉकेलने पंपाचं वंगण जातं, शिवाय रॉकेल आता रेशनवरही दिसत नाही.

रेडिएटरमध्ये नळाचं पाणी नको. नाना पेठेतून कूलंट आणा, पण घट्ट कूलंट असेल तर जास्त घातलं की जास्त चांगलं, असा हिशेब करू नका. निम्मं कूलंट आणि निम्मं शुद्ध पाणी उणे ३५ पर्यंत तग धरतं. निव्वळ कूलंट उणे १३ च्या आसपासच गोठतं. चहा आणि दुधासारखंच आहे हे, प्रमाणाला महत्त्व. नव्या गाड्यांत धूर स्वच्छ करायला लागणारं युरियाचं पाणीही उणे ११ ला गोठतं आणि फुगतं, त्याची टाकी काठोकाठ भरू नये. ब्रेकच्या एअर टाकीतलं पाणी रोज सोडावं. ते राहिलं आणि गोठलं, तर ब्रेकचा भरवसा उरत नाही.

एवढं वाचून प्रात्यक्षिक हवंच असेल, तर मार्केट यार्डात जा. सफरचंदं उतरवून परतीच्या भाड्याची वाट बघणारा काश्मिरी ट्रकवाला गाठा. कानटोपी सैल करून त्याला विचारा, थंडीत गाडीची काय तयारी करता? तो अर्ध्या बाह्यांच्या शर्टाने कपाळ पुशील आणि आधी विचारील, इथे जवळपास पंखा असलेलं हॉटेल कुठे आहे?